न टाकलेलं बटण

शनिवार, दुपारचे तीन

प्रिय धोंडबा,

या नावाने हाक मारणारं तुला आता कोणी उरलं नसेल. नाव ठेवणारे सर गेले, आणि बाकीचे सगळे तुला डॉक्टरसाहेब म्हणतात. मीसुद्धा आधी ‘आदरणीय डॉक्टरसाहेब’ असंच लिहिलं होतं. दोन कागद फाडले. पिशवीत दगड कोंबून कोंबून दर आठवड्याला पिशवीचे बंद तोडणाऱ्या माणसाला आदरणीय म्हणताना माझं पेन चालेना. तेव्हा धोंडबाच. राग आला तर येऊ दे, पण पत्र शेवटपर्यंत वाच. तुला अर्धवट वाचून निष्कर्ष काढायची सवय आहे, सरही म्हणायचे.

कामाचं आधी सांगते. आमच्या संग्रहालयाचं नवं दालन येत्या गुरुवारी उघडतंय, ते तुला ठाऊकच आहे, कारण फीत तूच कापणार आहेस. दालनाच्या मधोमध तुझे गुरू-शिष्य बसवलेत. अठरा हजार वर्षांपूर्वी नदीकाठी एक माणूस दुसऱ्याला दगडाची हत्यारं घडवायला शिकवत होता, हे तू नुसत्या कपच्यांच्या पसाऱ्यावरून दाखवलंस, आणि त्या एका लेखावर तुझं नाव झालं. धोंडबा, ते खरं नाही. गुरुवारच्या आत हे सांगायला हवं, आणि मी सांगणार आहे. आता खुर्चीत नीट बस, पाणी पी, आणि पुढे वाच.

मला संचालकबाईंनी गेल्या महिन्यात लेखी हुकूम दिला. काचेच्या पेटीत लोकांना नुसत्या कपच्या दाखवून काय कळणार, त्या जुळवून मूळ दगड उभा करा. बरोबरच आहे त्यांचं. आईलासुद्धा तेहतीस वर्षांत कळलेलं नाही मी काय करते ते. दगडाचा चुरा चाळायला पगार देतात म्हणजे सरकारकडे भलताच पैसा झालाय, असं ती शेजारणीला सांगते. मग मी तिला सरांचंच वाक्य ऐकवते, की हत्यार माणसाबरोबर निघून जातं, कचरा मात्र जागेवर राहतो. घरात काय चालतं ते दिवाणखान्यात बसून कळत नाही, केराची टोपली उपडी केली की कळतं. त्यावर आई म्हणते, मग आपल्या घरातली टोपलीही कधीतरी उपडी करत जा.

तर मी कोठीच्या खोलीतल्या मांडणीच्या चौथ्या फळीवरून तुझ्या कपच्यांची पेटी काढली. एकवीस वर्षं मी त्या खोलीत काम करतेय आणि एकवीस वर्षांत त्या पेटीला हात लावला नव्हता. धूळ पुसायलासुद्धा शिडीवर दुसऱ्या कोणाला चढवायची. का, ते पुढे येईलच. आत तीनशे बारा कपच्या, त्यातल्या चौसष्ट मोठ्या, प्रत्येकीवर शाईने घातलेला क्रमांक. वाळूचं तबक घेतलं, पाण्यात सुटणारा डिंक घेतला, आणि खिडकीपाशी बसले.

तुझा लेखही शेजारी उघडून ठेवला होता. खरं सांगू? वाचताना अभिमान वाटला. काय बारकाईने वाचला होतास तू तो कचरा! दोन माणसं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसलेली. एकाचे घाव मोजके, कडा आधी घासून तयार केलेली, कपची पातळ आणि लांब. दुसऱ्याचा आनंदीआनंद. एकाच जागी चार-चार वेळा हाणलेलं, घाव दगडात मध्येच अडकून पायरीसारखा मोडलेला. आणि क्रम बघ: तीन घाव अडाण्याचे, मग एक जाणत्याचा, कड साफ करणारा, मग पुन्हा तीन अडाण्याचे. म्हणजे जाणता माणूस दगड मागून घेत होता, बिघडलेली कड सुधारून परत देत होता, आणि परत बिघडवायला देत होता. ‘हा गुरू एकदाही स्वतः हत्यार पूर्ण करून मोकळा झालेला नाही,’ असं तू लिहिलंस. हे वाक्य मला पाठ आहे. सगळं अगदी बरोबर वाचलंस रे. चुकला तो फक्त काळ.

तो गुरू तू होतास. शिष्य मी.

त्याच नदीकाठी, सरांच्या उत्खननाच्या पहिल्या हंगामात, पथकात मी एकटीच बाई. घरातून भांडून आलेली. बाबांनी सांगितलेलं, एक तक्रार कानावर आली की परत आणीन. तू मला दगड फोडायला शिकव म्हणून मी आठ दिवस तुझ्या मागे भुणभुण लावली होती. सरांचा नियम माहीत होता दोघांना. उत्खननाच्या हद्दीत कोणी दगड फोडायचा नाही. लांब जायचं, ताडपत्री अंथरायची, झालेला सगळा चुरा गोळा करून खड्ड्यात पुरायचा आणि वर शर्टाचं एक प्लास्टिकचं बटण टाकायचं, म्हणजे उद्या कोणी तो खड्डा उकरला तर फसणार नाही. बटणांचा डबा सरांच्या टेबलावर असायचा. आदल्या वर्षी एकाने नियम मोडला तर त्याला त्याच संध्याकाळच्या गाडीने घरी पाठवलेलं, हेही आपण ऐकलं होतं. तरीही ऊन फार म्हणून आपण चिरलेल्या मोठ्या खडकाच्या सावलीत बसलो, उत्खननाच्या खड्ड्यापासून बारा पावलांवर, आणि ताडपत्री आणायचा कंटाळा केला. तू दगडावर निळ्या मेणाच्या पेन्सिलीने बाण काढून देत होतास, इथे मार, असा. मी मारायची भलतीकडेच. दोनदा तुझ्या नडगीवर कपची उडाली. तू हसत होतास. मी त्या दुपारी फार सुखात होते, हेही आता लिहून टाकते, या वयात लाज कसली.

मग सरांची हाक आली. तू मला म्हणालास, मी त्यांना बोलण्यात गुंतवतो, तू सगळं गोळा करून ओढ्यापलीकडे नेऊन टाक, आणि बटण टाकायला विसरू नकोस. तू गेलास. मी चार कपच्या उचलल्या आणि आजूबाजूला बघितलं. तीनशे तुकडे, मातीत सांडलेले, आणि सरांचा आवाज जवळ येत होता. मला परत घरी जायचं नव्हतं. शेजारी माझाच ढीग होता, सकाळपासून चाळून ठेवलेल्या मातीचा. मी त्यातली तीन घमेली त्या पसाऱ्यावर ओतली, हाताने सारखी केली, आणि चाळणी घेऊन उभी राहिले. रात्री पंगतीत तू हळूच विचारलंस, बटण टाकलंस? मी म्हणाले, हो.

एवढंच. एक शब्द. नंतर पावसाळ्यात पूर आला, वर हातभर गाळ बसला, जिथून सगळी अंतरं मोजायची ती खुंटी वाहून गेली. तीन वर्षांनी तू स्वतःचं पथक घेऊन परत गेलास तेव्हा नवी खुंटी ठोकलीस, आणि तो चिरलेला खडकही गाळात निम्मा बुडालेला, तू जागा ओळखणार कशी? मी तेव्हा तिथे नव्हते. तोवर तुझी परदेशी शिष्यवृत्ती होऊन गेली होती, माझ्या बाबांचं आजारपण लांबलं होतं, पत्रं आधी महिन्याने आणि मग सणावाराला येऊ लागली होती. कोणी कोणाला सोडलं नाही, आपोआप सुटलं. त्याबद्दल मला आज काही म्हणायचं नाही.

तू लेखात लिहिलंयस, कपच्यांवरची माती अतिशय बारीक आणि एकसारखी आहे, नखाएवढाही खडा नाही, म्हणजे ती संथपणे साचत गेली असावी. अरे, खडा कसा असेल, ती चाळलेली होती! आणि मातीतल्या कोळशाच्या कणांवरून तू काळ काढलास तो अठरा हजार वर्षांचा निघाला. निघणारच. माती त्याच थरातली होती, जुनीच. मला चाळण म्हणायचात ना तुम्ही सगळे, तर चाळणीने आपलं काम चोख केलं होतं. तुझ्या जागी सर असते तरी फसले असते.

एका गोष्टीसाठी मात्र मी तुला कधीच क्षमा करणार नाही. माझे घाव बघून तू शिष्याचं वय ‘अंदाजे आठ ते दहा वर्षं’ ठरवलंस. मी चोवीस वर्षांची होते! त्यावरून पुतळे करणाऱ्याने एक नकट्या नाकाचा मुलगा घडवलाय, तोंड उघडं, डोळ्यांत साता जन्मांचं अज्ञान. गुरूला चांगला सहा फुटी केलाय, छातीवर रुळणारी दाढी. तू पाच फूट चार. परवा तो माणूस मला विचारायला आला, गुरूच्या चेहऱ्यावर भाव काय ठेवू. मी म्हटलं, ठेवा थोडा कंटाळा. खोटं बोलले. तुला त्या दिवशी कंटाळा आला नव्हता.

आता विचारशील, मला हे कधीपासून माहीत होतं. लेखाचा छापील अंक संग्रहालयात आला त्या दिवसापासून शंका होती. नकाशात तो खडक दाखवलेला, खाली कपच्यांचं त्याच्यापासूनचं अंतर दिलेलं. पण त्याच आठवड्यात तुझी लग्नपत्रिका आली होती. मी तोंड उघडलं असतं तर लोक काय म्हणाले असते? नवरा नाही मिळाला, आता नाव बुडवायला निघाली. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही खात्री नव्हती की मी ते सत्यासाठी बोलेन की जळफळाटाने. म्हणून गप्प बसले. पेटी उघडली नाही म्हणजे शंका शंकाच राहते, असं स्वतःला समजावलं. कपच्या वाचणारी बाई मी, दुसऱ्यांचा हजारो वर्षांचा कचरा उपसते, आणि स्वतःच्या डोक्यावरच्या फळीकडे मान वर करून बघत नव्हते.

गेल्या मंगळवारी शंका संपली. लेखात तू काही कपच्यांवर ‘निळसर खनिज डाग’ असल्याचं नोंदवलंयस. एकोणीस क्रमांकावर तसा एक डाग आहे, तेवीसवर दुसरा. वेगवेगळ्या पाहिल्या तर कोणालाही खनिजच वाटेल. मी दोन्हींच्या कडा एकमेकींना लावल्या, आणि डागाला डाग मिळून बाण झाला. शेपटीला एक जास्तीची रेघ असलेला. तुझ्या सगळ्या नकाशांच्या नकला मी केल्यात धोंडबा, जगात बाणाला तशी शेपटी काढणारा दुसरा माणूस नाही. मी ती जोडी वाळूत उभी केली. आधी हसू आलं, मग रडू. मग हात धुतले आणि नोंद केली.

आईला सांगितलं. राहवेना. ती म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढी वर्षं कोणाचं काही अडलं का? दगडाला कुठे वाईट वाटतं? मग थोड्या वेळाने विचारलं, त्याचे केस गेले का गं? मी म्हटलं, फोटोत तरी निम्मे गेलेत. तिला बरं वाटलेलं दिसलं. मी म्हटलं, पण आई, लोकांचं अडतं. त्या लेखाच्या आधारावर चार जणांनी आणखी चार ठिकाणी गुरू-शिष्य शोधलेत. शाळेच्या पुस्तकात धडा येणार म्हणतात. मुलं परीक्षेत लिहिणार, अठरा हजार वर्षांपूर्वीचा दहा वर्षांचा मुलगा, आणि तो मुलगा इथे बसून गुडघ्याला तेल चोळतोय.

निवेदन तयार आहे, दीड पान. त्यात मी स्पष्ट लिहिलंय की लपवाछपवी माझी होती, आणि उत्खनन करणाऱ्याला मी चुरा दूर पुरल्याचं खोटं सांगितलं होतं. सोमवारी अकरा वाजता मी ते संचालकबाईंच्या हातात देणार आहे. माझी अकरा महिन्यांची नोकरी राहिली आहे. काय करायचं ते करतील. तुझं नुकसान जास्त होईल, ते मला कळतं. पण फसलेला माणूस म्हणून तुझी लाज राहील. हसतील थोडे, आणि मग म्हणतील, वाचन तर अचूक होतं.

आता जे इतका वेळ टाळलं ते. एकोणीस आणि तेवीस मी जोडल्या तेव्हा त्यांच्या कडांवर आधीच डिंक होता. जुना, पिवळा पडलेला, केसाएवढा. म्हणजे त्या माझ्याआधी कोणीतरी जोडून पुन्हा सोडवल्या होत्या. आणि त्यांच्या पिशवीच्या तळाशी घडी घातलेली एक चिठ्ठी होती, तुझ्या अक्षरात: ‘क्र. १९ व २३ – जुळत नाहीत.’ खाली तारीख. लेख छापून आल्यानंतर पाच महिन्यांची. मला तुझा इतका राग आला की उठून खोलीला दोन फेऱ्या मारल्या. माझं खोटं एका शब्दाचं होतं, तुझं दोन शब्दांचं. पण धोंडबा, मग मी विचार केला. त्या दोन कपच्या खिशात घालून नदीत फेकल्या असत्यास तर हे कोणालाही, कधीही कळलं नसतं. तू त्या फेकल्या नाहीस. वर चिठ्ठीवर तारीख घातलीस, आणि पेटी मी जिथे नोकरी करते त्या संग्रहालयाला दिलीस. तेव्हा हे पत्र मी तुला चूक कळवायला लिहिलेलंच नाही. ती तुला एकवीस वर्षं ठाऊक आहे. सोमवारी संचालकबाईंच्या खोलीत मला एकटीला जायचं नाही, म्हणून लिहिलंय. त्या दुपारी आपण दोघं होतो. माझ्या ताज्या डिंकाखाली तुझा जुना डिंक आता दिसत नाही, आणि निवेदनात चिठ्ठीचा उल्लेख नाही. चिठ्ठी या पाकिटात आहे, मूळच, नक्कल काढलेली नाही, आणि पाकीट सोमवारच्या आत पोचावं म्हणून पोस्टात न टाकता माणसाच्या हाती पाठवतेय. नोकरीत पहिल्यांदाच मी एका पेटीतली वस्तू बाहेर जाऊ दिली. फाडलीस तर मी कधी विचारणार नाही. पण येणार असलास तर ती बरोबर आण, पुन्हा जागेवर ठेवायची आहे.

तुझीच,
चाळण